इंजिन ‘गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

२०२५ साली भारतात ई-२० पेट्रोलवरून, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, वाद पेटला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर रोज एक तरी निरोप यायचा: ‘जुन्या गाड्यांची इंजिनं जाणार!’ त्याच दिवसांत इंग्लंडमधल्या माझ्या गॅरेजात एक इंजिन खरोखरच गेलेलं होतं, आणि त्यात इथेनॉलचा काडीचाही संबंध नव्हता. गाडी १९७२ सालची एमजी बी जीटी. दोन दारांची, बुटकी, वयाच्या मानाने देखणी. इंजिन खोलून सगळे भाग मी टेबलावर रुखवतासारखे मांडले आणि फोटो ग्रुपवर टाकला. आत्याने लगेच विचारलं, ‘गेलं म्हणजे काय झालं रे? फुटलं का?’

प्रश्न साधा, पण मला दोन ओळींत उत्तर देता येईना. हा लेख आत्यासाठी आहे. ‘इंजिन जाईल’ असं ऐकून जे घाबरतात आणि मेकॅनिकने ‘फुल इंजिनचं काम निघालंय’ म्हटल्यावर ज्यांना काय विचारावं ते सुचत नाही, त्यांच्यासाठीही.

सायकलचा पंप आणि शिवणयंत्र

सायकलला हवा भरायचा हातपंप आठवा. नळीत दट्ट्या खाली-वर होतो. दट्ट्याचं चामडी वॉशर सुकलं की कितीही जोर लावा, हवा कडेने निसटते. इंजिनातली नळी म्हणजे सिलिंडर, दट्ट्या म्हणजे पिस्टन आणि वॉशरच्या जागी पिस्टनभोवती लोखंडी रिंगा. फरक एवढाच, की इथे हात हवेला दाबत नाही. पेटलेला वायू पिस्टनला ढकलतो.

आता हे खाली-वर होणं चाकाच्या फिरण्यात बदलायचं. ती युक्ती आजीच्या पायाच्या शिवणयंत्रात होती: पायटा वर-खाली, त्याला जोडलेला दांडा आणि दांड्याने फिरणारं चाक. इंजिनातला दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. तो ज्या वेड्यावाकड्या शाफ्टला फिरवतो, तो क्रँक.

एमजी बीच्या इंजिनात असे चार पिस्टन आहेत. प्रत्येकाचा व्यास ८०.२६ मिलिमीटर, खाली-वर प्रवास ८८.९ मिलिमीटर, सगळी मिळून क्षमता १७९८ सीसी. क्रँक मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर जाऊन खाली येतो. धातूत धातू इतक्या वेगाने सरकतो आणि तरी इंजिन लाखभर किलोमीटर टिकतं. नवल बिघडण्याचं नाही, टिकण्याचं आहे.

शाफ्ट बेअरिंगला टेकतच नाही

क्रँक जिथे फिरतो तिथे बेअरिंग असतात, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण ही सायकलच्या चाकातली छर्‍यांची बेअरिंग नव्हेत. मधोमध कापलेल्या बांगडीचे दोन अर्धे तुकडे डोळ्यांसमोर आणा. पातळ पोलादी पट्टी, आतून मऊ धातूचा थर. क्रँक या दोन तुकड्यांच्या मधे फिरतो, पण गाडी नीट चालू असेल तर त्यांना टेकत नाही. मधे तेल असतं. पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर चप्पल सटकते, कारण तळव्याखाली पाण्याचा पापुद्रा अडकतो आणि फरशीशी संबंधच तुटतो. क्रँकही तसाच तेलावर सतत सटकत असतो. आपण पडतो, तो तरंगतो.

हा पापुद्रा मावायला फट लागते, आणि ती किती हे ठरलेलं असतं. या इंजिनात साधारण एक ते पावणेतीन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर. लेथवाले हाच शब्द वापरतात, म्हणून मीही यापुढे तोच वापरेन. डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाडीचा भरतो. म्हणजे ही फट केसाहूनही बारीक.

आता ‘इंजिन गेलं’ याचा अर्थ सांगता येईल. बहुतेक वेळा इंजिन फुटत नाही. त्यातल्या फटी बिघडतात. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट वाढली की वायू निसटतो, ताकद जाते, तेल जळतं. बेअरिंगची फट वाढली की ठकठक सुरू होते. काही फटी उलट बुजतात, आणि ते आणखी वाईट. त्याकडे पुढे येतो. इंजिन बांधायचं म्हणजे प्रत्येक फट मोजायची आणि जिथे होती तिथे परत आणायची.

माझं काय झालं ते सांगतो. मोटरवेवर होतो, आणि तेलाच्या दाबाचा काटा हळूहळू उतरायला लागला. वेग कमी केला की परत चढायचा. पन्नास वर्षांचा मीटर आहे, चुकत असेल, असं म्हणून मी काट्यालाच खोटं पाडलं. पंधरा मिनिटांनी बॉनेटखालून कुणी दार वाजवावं तसा आवाज आला.

बागेतल्या पाण्याच्या नळीला भोकं पडली की टोकाशी धार उरत नाही. तसंच बेअरिंगच्या फटी वाढल्या की तेल भराभर बाहेर पडतं आणि दाब पडतो. पण तोटीच अर्धी बंद असेल तरी धार उरत नाही. माझ्या बाबतीत कारण दुसरं निघालं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवलं तर पंपाच्या जाळीवर लालभडक सिलिकॉनचे तुकडे चिकटलेले. आधीच्या कुणीतरी चेंबर गळू नये म्हणून हात सैल सोडून लांबी भरावी तसं सिलिकॉन भरलं होतं. जास्तीचं आत पडलं, जाळीपर्यंत वाहत आलं आणि पंपाचा श्वास कोंडला. वेग वाढला की पंपाला जास्त तेल हवं, तेच मिळेना. तिसर्‍या रॉडच्या बेअरिंगचा मऊ थर निघून खालचा तांबूस थर उघडा पडला होता.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण नवीन बेअरिंग टाकून मी इंजिन बंद केलं असतं आणि जाळी पाहिलीच नसती, तर तेच इंजिन महिन्याभरात पुन्हा गेलं असतं.

उघडण्याआधी: धूर आणि चमचाभर तेल

इंजिन खोलण्याआधी बाहेरूनच पुष्कळ कळतं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सुरुवातीची वाफ सोडली, तर दाट पांढरा धूर म्हणजे रेडिएटरचं पाणी आत शिरतंय, बहुधा हेड गॅस्केट गेलं, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्या माथ्यावर बसणारा ‘हेड’ हा भाग यांच्यामधलं सील. निळा धूर केव्हा येतो हेही पाहावं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच भक्कन येऊन थांबला, तर तेल वरून, व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणार्‍या झडपांच्या, बाजूने झिरपतंय. चढावर जोर लावताना येत राहिला, तर रिंगांकडे बोट जातं.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. स्पार्क प्लग काढायचे, त्या जागी दाबाचा मीटर लावायचा आणि स्टार्टर फिरवायचा. ज्या सिलिंडरमध्ये दाब कमी, तिथे गळती. पण गळती खालून की वरून? सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओतायचं आणि पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने तात्पुरती फट बुजवली. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि गाडी दुरुस्तीला देणार असाल तरी आग्रहाने करून घ्या. ‘फुल इंजिन’ आणि ‘नुसतं हेडचं काम’ या दोन बिलांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

घरी काय होतं, लेथवर काय

‘घरी इंजिन बांधलं’ म्हटलं की लोकांना वाटतं, गडी गॅरेजात लोखंड कापत बसलाय. तसं नसतं. घरी चार कामं होतात: उतरवणं, धुणं, मोजणं आणि जोडणं. लोखंड कापण्याचं काम मशीन शॉपचं. क्रँक ग्राइंड करणं, सिलिंडर बोअर करणं, हेडचा पृष्ठभाग सपाट करणं ही कामं करणारी यंत्रं ट्रकभर असतात. ती घरी नकोत.

उतरवण्याला भाड्याची क्रेन पुरते. इंजिन दीडशे किलोंहून जड आहे, पण या गाडीत त्याच्या भोवती जागा ऐसपैस, त्यामुळे हात जातो. पाने मात्र इंची लागतात. मिलिमीटरचे वापरले की बोल्टचे कोपरे गोल होतात आणि मग शिव्या येतात.

उतरवताना ताकदीपेक्षा नोंद महत्त्वाची. बेअरिंगच्या टोप्या ज्या जागेवरून निघाल्या त्याच जागी आणि त्याच दिशेने परत बसल्या पाहिजेत, कारण कारखान्यात टोपी बसवूनच ते छिद्र गोल केलेलं असतं. व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड मी खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोचून ठेवले. फोटो इतके काढले की घरच्या कुठल्याही समारंभाचे तेवढे नसतील.

मोजताना धक्का बसला. सिलिंडर तळाशी जवळपास नवा होता, पण वरच्या टोकाजवळ सात थाऊ झिजलेला. असं का? स्फोट वरच होतो, म्हणून रिंगा तिथेच भिंतीवर सर्वांत जोराने दाबल्या जातात. तिथेच उष्णता जास्त, आणि तेल सर्वांत कमी पोचतं. शिवाय पिस्टन वर पोचून क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. घसरणारी चप्पल थांबली की टेकते, तसा तेलाचा पापुद्रा तिथे तुटतो. बोटाने चाचपलं तरी वर एक काठ जाणवतो. रिंग जिथवर पोचत नाही ती न झिजलेली पट्टी.

नुसत्या नव्या रिंगा घालून हे भरून येत नाही. वर रुंद आणि खाली अरुंद नळीत एकच रिंग दोन्हीकडे कशी बसेल? म्हणून सिलिंडर ३० थाऊने मोठे केले आणि तेवढेच मोठे पिस्टन आणले. इंजिन आता साधारण १८३२ सीसीचं झालंय. क्रँकच्या बाबतीत उलटं. ओरखडे जाईपर्यंत तो घासला, १० थाऊने बारीक झाला, म्हणून तेवढी जाड बेअरिंग. दोन्हीकडे मूळ माप बदललं, पण मधली फट मूळची राहिली.

ती खरंच राहिली का, हे तपासायची युक्ती मला फार आवडते. प्लास्टिगेज म्हणून मेणाच्या धाग्यासारखी काडी मिळते. ती क्रँकवर ठेवायची, बेअरिंगची टोपी टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळायची आणि पुन्हा उघडायची. धागा जितका चपटा होऊन पसरला, तितकी फट कमी. पाकिटावर छापलेल्या पट्टीशी ताडून पाहिलं की थाऊत उत्तर मिळतं. पोळपाटावर गोळी दाबून कणकेचा अंदाज घ्यावा, तसं.

आणि धुणं. मशीन शॉपमधून ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा, आला की चकाकतो, पण त्याच्या तेलाच्या वाटांत लोखंडाची पूड बसलेली असते. लांब ब्रश, गरम पाणी, भांड्यांचा साबण. पुसल्यावर पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत. आणि लगेच तेलाचा हात, नाहीतर इथल्या दमट हवेत ब्लॉक डोळ्यांदेखत तांबडा होतो. सबंध कामातला निम्मा वेळ माझा धुण्यात गेला.

पाट्याला टाकी

बोअर केलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर शेवटी मुद्दाम बारीक ओरखडे काढतात, एकमेकांना तिरपे छेदणारे. याला होनिंग म्हणतात. आत्याचा इथे हमखास प्रश्न येणार: एवढं गुळगुळीत केलं आणि मग खरवडलं कशाला?

आत्या, ‘पाट्याला टाकीऽऽ’ अशी हाळी देत बायका गल्लीत यायच्या ना? पाटा गुळगुळीत झाला की मसाला नुसता सरकतो, वाटला जात नाही. टाकीने खवले काढले की धरतो. सिलिंडरचंही तेच. आरशासारख्या भिंतीवर तेल ठरत नाही आणि नव्या रिंगा बसत नाहीत. ओरखड्यांत तेल साठतं, आणि त्यांच्या बारीक टोकांवर घासून रिंग पहिल्या काही तासांत आपला आकार भिंतीशी जुळवून घेते.

शिसं, इथेनॉल आणि बुजणारी फट

मघाशी म्हटलं की काही फटी बुजतात. माझं इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी बनलेलं. ते पेट्रोल २००० साली ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे बंद झालं, आणि ते योग्यच झालं. पण शिशाचा एक उपयोग होता. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि हेडमधल्या आपल्या बैठकीवर आपटत राहतो. शिशाचा बारीक थर मधे उशीचं काम करायचा. तो गेला की तापलेला व्हॉल्व्ह बैठकीला सूक्ष्म प्रमाणात चिकटतो, सुटताना कण उपटतो आणि हळूहळू हेडमध्ये रुततो. रुतला की टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणार्‍या भागामधली, फट कमी होते. या गाडीत ती १५ थाऊ हवी. पार बुजली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तापलेला वायू त्या चिरेतून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. सगळ्यांत फसवं म्हणजे, खडखडणारी टॅपेट सुरक्षित असते. धोका गप्प झालेल्या टॅपेटचा असतो. उपाय एकदाच करायचा: हेडमध्ये कडक धातूच्या बैठका बसवून घ्यायच्या. मी घेतल्या.

आणि इथेनॉल? ते या फटींना थेट हात लावत नाही. जुन्या रबरी नळ्या आणि हवा-पेट्रोल मिसळणार्‍या कार्ब्युरेटरमधली सीलं ते मऊ करतं किंवा तडकवतं, हवेतलं पाणी शोषतं, आणि लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. कार्ब्युरेटरला आपण वेगळं इंधन पितोय हे कळत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापू शकतं. म्हणजे भीती निराधार नाही, पण जुन्या गाडीत आधी जातात त्या नळ्या. पेट्रोल गळून तापलेल्या एक्झॉस्टवर पडणं हा झिजेपेक्षा मोठा धोका. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पंपावर ई-१० मिळतं. मी नळ्या बदलल्या आणि महाग सुपर पेट्रोल भरतो, ज्यात इथेनॉल पाच टक्क्यांच्या आत असतं.

‘त्यापेक्षा दुसरं जुनं इंजिन आणून बसव’

हा सल्ला तिघांनी दिला. चुकीचा नाही. पण दुसर्‍या जुन्या इंजिनातल्या फटी किती आहेत, हे ते खोलल्याशिवाय कळत नाही. आणि खोललं की पुन्हा हेच रुखवत.

‘मेकॅनिकने आठवड्यात केलं असतं’ हेही खरं. मला पाच महिने लागले, तेही फक्त रविवारी. पैसे वाचतात, पण हत्यारांचा खर्च धरला तर पहिल्या इंजिनात फारसे नाही. ज्याला रोज गाडी लागते त्याने या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत. आणि भागच मिळत नसतील अशा गाडीतही नाही. एमजी बी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनमध्ये पाच लाखांहून जास्त बनल्या, म्हणून तिचा जवळपास प्रत्येक नट आजही विकत मिळतो. सबंध सांगाडासुद्धा १९८८ पासून नवा बनवून विकतात. दुर्मीळ गाडी दिसायला छान. बांधायला सामान्य गाडीच बरी.

‘आपल्याकडे जमेल का?’

फोटो पाहून कोल्हापूरहून काकांचा फोन आला. त्यांनी वीस वर्षं अँबॅसिडर चालवली. ‘आरं, हे तर आपल्या अँबॅसिडरचंच इंजिन की!’

मी हसलो, पण काका बरोबर होते. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि माझं हे १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच ब्रिटिश घराण्यातली: बीएमसीची, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, बी-सीरिज. पिस्टनचा प्रवासही दोन्हीत तोच, ८८.९ मिलिमीटर, अँबॅसिडरचा सिलिंडर तेवढा अरुंद. ज्या इंजिनावर इथले लोक चहा पीत नॉस्टॅल्जिक होतात, त्याचाच भाऊ आपल्याकडे टॅक्सीत राबत होता. काका म्हणाले, ‘उद्यमनगरात धाडलं असतंस तर चार दिवसांत बोर करून दिलं असतं. तू इंग्लंडात बसून रविवार मोजतोयस.’

तेव्हा कौशल्याचा प्रश्नच नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. कागदांचं म्हणाल तर २०२१ पासून भारतात पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात मोठा बदल न केलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला मात्र ती गाडी चालत नाही.

पहिली वीस मिनिटं

जोडलेलं इंजिन लगेच चावी फिरवून चालू करायचं नसतं. आत तेलाच्या वाटा कोरड्या असतात. प्लग काढून ठेवायचे, म्हणजे इंजिनावर भार येत नाही, आणि काट्यावर दाब दिसेपर्यंत नुसतं स्टार्टरवर फिरवायचं. मग प्लग लावून सुरू.

सुरू झाल्यावर मोह होतो तो शांत फुरफुरीत उभं ठेवून ऐकत बसण्याचा. ते करू नये. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम या इंजिनात क्रँकने उडवलेल्या तेलावर भिजतो. क्रँक मंद फिरला तर तेल उडत नाही आणि नवा कॅम पहिल्याच दिवशी खरवडला जातो. म्हणून वीस मिनिटं क्रँक मिनिटाला दोन हजार फेर्‍यांच्या वर ठेवायचा. शेजार्‍यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. तेलही जुन्या वळणाचं, २०-डब्ल्यू-५० ग्रेडचं आणि ज्यात जस्ताचं प्रमाण पुरेसं आहे असं. एक्झॉस्ट साफ करणार्‍या यंत्रणेला त्रास होऊ नये म्हणून आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी ठेवतात.

आठशे किलोमीटरवर पहिलं तेल बदललं आणि जुना फिल्टर कापून पाहिला. घडीत राखाडी चमक होती, रिंगा बसताना पडते तशी. तांबूस काही नव्हतं. मोटरवेवर तापलेल्या इंजिनात तेलाच्या दाबाचा काटा साठाच्या आसपास राहतो, आणि आता मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. वरच्या झाकणाचं कॉर्कचं गॅस्केट मात्र एका कोपर्‍यातून थेंब-थेंब गळतंय. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘सिलिकॉन लाव की थोडं.’